आमची ही

सौंदर्य म्हणजे काय हे उभ्या हिंदुस्थानात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे आपण स्वतः, असं आमच्या मामांचं ठाम मत होतं. हे मत ते कुणावर लादत नसत. फक्त सकाळी दुधाची चरवी घेऊन निघाले की वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत, एवढंच. तो काळ महाराजांचा. कोल्हापुरात डोळे भरून बघावं अशा गोष्टींना तोटा नव्हता. अंबाबाईच्या देवळाची शिखरं होती, रंकाळ्यावरची संध्याकाळ होती, अंगाला माती फासून तालमीतून बाहेर पडणारे पैलवान होते, दरबारचे घोडे होते, हत्ती होते. मामा हे सगळं बघत, मान डोलावत आणि शेवटी सुस्कारा सोडून म्हणत, "बरं हाय. पर आमच्या हिच्यापुढं काय न्हाय." नवखा माणूस हे ऐकून गहिवरून जाई. बायकोवर इतका जीव असलेला नवरा त्यानं पाहिलेला नसे. मग मामा पुढं म्हणत, "शिंगं पार पाठीपातुर गेल्यात," आणि त्या बिचाऱ्याच्या लक्षात येई की हे सगळं म्हशीबद्दल चाललेलं आहे.

मी मूळचा शाहूवाडीकडचा. भाताची खाचरं सोडून कोल्हापुरात एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि गवळी गल्लीत मामांच्या घरी राहू लागलो. त्या घरात मानाची उतरंड पक्की ठरलेली होती. सगळ्यात वर म्हैस. तिच्या खाली मामा, मग म्हशीची वैरण, मग मामी, आणि शिल्लक राहिलेल्या जागेत मी. म्हशीला रोज पंचगंगेवर अंघोळ. ती अंघोळ म्हणजे साधी नव्हे, नारळाच्या काथ्यानं अंग घासायचं, कानामागचा मळ काढायचा, आणि नदीवर त्या वेळी दुसरी कुठली म्हैस असेल तर तिच्या मालकाला लांब सरकायला सांगायचं. घरी आल्यावर शिंगांना तेल. ते तेल मी माझ्या डोक्यासाठी आणलेलं असे. मी कुरकुर केली की मामा माझ्या कपाळापासून मागं सरकत चाललेल्या केसांकडे बघत आणि म्हणत, "मास्तर, जिथं उगवायचं हाय तिथं तेल घालावं." घरात आरसा एकच होता, मामीच्या लग्नात आलेला, पितळी चौकटीचा. तो मामांनी गोठ्यात टांगला होता. आपलं रूप रोज नजरेला पडलं की म्हैस पाऊल डौलानं टाकते, असा त्यांचा शोध होता. म्हैस त्या आरशाकडे ढुंकूनही बघत नसे. मामीला मात्र रोज सकाळी कुंकू लावायला गोठ्यात जावं लागे, आणि म्हशीच्या दोन शिंगांमधून जेवढं कपाळ दिसेल तेवढ्यावर ती भागवून घेई. मी एकदा म्हणालो, "मामी, आरसा घरात आणू या की." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. मला कोण बघत बसलंय?" म्हणाली हसतच, पण मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

म्हशीला नाव नव्हतं असं नाही. तिला नाव होतं हीच तर सगळी अडचण होती. मामी कुरुंदवाडची. लग्न होऊन ती कोल्हापूरला आली तेव्हा तिच्या वडिलांना, आप्पांना, घर खायला उठलं. त्याच वर्षी त्यांच्या म्हशीला रेडी झाली. आप्पांनी त्या रेडीला लेकीचं नाव ठेवलं, हौसा. त्यामुळं संध्याकाळी दारात उभं राहून लेकीच्या नावानं हाक मारायची सोय झाली, आणि हाकेसरशी रेकत का होईना कुणीतरी धावत येई. पुढं रेडीची म्हैस झाली, आप्पा थकले, आणि आपल्यामागं हिचं कोण करणार म्हणून त्यांनी ती कोल्हापूरला लेकीकडे पाठवून दिली. नंतर थोड्याच दिवसांत ते गेले. अशा रीतीनं एकाच घरात दोन हौसा नांदू लागल्या. आता आमच्याकडं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात अडकवून एकदा काय ते घेतात, बाकी जन्म 'अहो' आणि 'अगं ए' यावर निभावतो. मामांनी तर उखाणाही घेतलेला नव्हता. नवरानवरी दारात आली आणि बहिणींनी नाव घेण्यासाठी अडवलं तेव्हा मामा नवरीला उंबऱ्यावर तशीच ठेवून वळसा घालून गोठ्याच्या दारानं घरात शिरले होते, असं गल्लीत अजून सांगतात. असा माणूस म्हशीला तरी 'हौसा' म्हणणार कसा? म्हशीचं नाव घ्यावं तर बायकोचं घेतल्यासारखं होतं. म्हणून मामांनी दोघींनाही 'ही' करून टाकलं.

त्यामुळं आमच्या घरात जे घोटाळे होत ते विचारू नका. एकदा मी शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून बसलो होतो, तर मामा धापा टाकत दारात. "मास्तर, लगोलग वैद्याला घिऊन या. हिनं सकाळधरनं तोंडाला काय लावलं न्हाय. डोळं बी लाल झाल्यात." मी मुलांना सुट्टी दिली, धोतराचा सोगा वर खोचला आणि गावातल्या नामांकित वैद्यबुवांना ओढतच घरी आणलं. मामी परसात शेण्या थापत होती. वैद्यबुवांनी तिला बसवलं, शेणानं भरलेला हात तसाच हातात घेतला, डोळे मिटून नाडी बघितली आणि पित्त झाल्याचं सांगितलं. मामी घाबरली. तिला सकाळपासून चांगली भूक लागलेली होती. तेवढ्यात मामा गोठ्यातून ओरडले, "अवो बुवा, तिकडं काय करायलाय? ही हिकडं हाय!" वैद्यबुवा पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. मामीनं मात्र त्यांनी दिलेली पुडी म्हशीला चारली आणि म्हैस बरी झाली.

मुलगी बघायला जाताना मामांना बरोबर नेऊ नये हे मला सगळ्यांनी बजावलं होतं. पण वडीलधारं माणूस म्हणून न्यावं लागलं. जयसिंगपूरकडच्या एका सभ्य माणसाच्या घरी आम्ही बसलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, खाली मान घालून बसली. मामांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. माणसाच्या जातीकडं बघून त्यांचा चेहरा उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला. ते म्हणाले, "पावणं, पोरगी देखणी हाय. डोळं तर थेट आमच्या हिच्यावाणी हायत." मुलीचे वडील सुखावले, "आपल्या मंडळींना एकदा घेऊन या," म्हणाले. "आणतो की," मामा म्हणाले, "पर दावं धरायला दोन माणसं लागतील." ते ठिकाण मोडलं. पुढं वर्षभरानं त्याच मुलीशी माझं लग्न झालं, पण त्याआधी माझ्या सासऱ्यांनी कोल्हापूरला येऊन मामांची म्हैस प्रत्यक्ष बघितली. डोळ्यांबद्दल मामांचं काही चुकलं नव्हतं, असं त्यांनीही मान्य केलं.

म्हैस मात्र 'ही' या नावाला ओ देत नसे. 'ए', 'अगं', 'हिकडं बघ की', कशालाच देत नसे. तिला आप्पांनी लावलेली सवय होती. 'हौसा' म्हटलं तरच ती हलायची. त्यामुळं संध्याकाळी नदीवरून सुटलेली म्हैस गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली की मामीला मागच्या दारात येऊन स्वतःच्याच नावानं हाका माराव्या लागत. "हौसाऽ! ये गं हौसा! ये माझी बाय!" आणि म्हैस येताना दिसली की मामीच म्हणे, "आलो की वोऽ!" आमच्या मुलखात बायकासुद्धा 'आलो', 'गेलो' म्हणतात. सगळी गल्ली हसे. बाई स्वतःच स्वतःला बोलावते आणि स्वतःच उत्तर देते! मी एकदा विचारलं, "मामी, हे 'आलो की' कशाला?" ती म्हणाली, "आप्पानं हाक मारली की मी असंच म्हणायचो. हिला काय बोलता येतंय? म्हणून तिचं मी म्हणतो." मग गवताची पेंडी सोडता सोडता म्हणाली, "ह्या घरात मी सूनबाई झालो, वैनी झालो, मामी झालो. हौसा म्हणणारं कोण न्हाय बघ. म्हशीच्या निमतानं माझं नाव माझ्या कानावर पडतंय, तेवढंच."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गल्लीतल्या म्हशी नटून निघतात. अंगावरचे केस भादरून त्यात नक्षी काढलेली, शिंगांना रंग, वर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरं. मग म्हैस मोकळी सोडायची आणि मालकानं लांबून हाक मारायची. ती हजार माणसांच्या गर्दीतून वाट काढत आपल्या मालकापाशी धावत येते. कोल्हापूरच्या गवळ्याला यापेक्षा मोठा मान नाही. मामा त्या दिवशी म्हशीला सगळ्यात जास्त नटवत आणि गोठ्यात बांधून ठेवत. कुणी विचारलं तर म्हणत, "आमची ही असल्या धावपळीत पडत न्हाय." शिंगं रंगवणारे शेजारचे चाचा एवढंच म्हणत, "दादा, अडचण म्हशीची न्हाय, तुमच्या जिभेची हाय," आणि ब्रश धुवायला जात.

अशात एक दिवस गावात दवंडी पिटली. दरबारच्या वतीनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यात सगळ्या हिंदुस्थानातल्या म्हशींमधून सर्वांत सुंदर म्हैस निवडली जाणार होती. तिला चांदीची घुंगूरमाळ आणि 'सुंदरी' असा किताब. मामांनी दवंडीवाल्याला ती दवंडी आमच्या दारात तीनदा पिटायला लावली. किताब घरात आल्यासारखाच होता. प्रश्न फक्त माळ कुठल्या खुंटीला अडकवायची हा होता. पण त्या संध्याकाळी चाचा पुढची बातमी घेऊन आले. पंचांमध्ये आमच्याकडचे एक इनामदार होते आणि त्यांनी एक अट घालून घेतली होती. शेवटची पारख कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणे होणार. म्हैस मोकळी सोडायची, मालकानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारायची. हाकेला येत नाही ती म्हैस कितीही देखणी असली तरी बाद.

मामा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं की म्हशीचं बारसं करायचं. नवीन नाव चंद्रकळा. काळ्या लुगड्याचं नाव काळ्या म्हशीला, शिवाय ऐकायला गोड. मामी म्हणाली, "आप्पानं ठेवलेलं नाव हाय ते. मी बदलू द्यायचो न्हाय." मामा म्हणाले, "बदलत न्हाय. एक जोडतोय." मामीनं रागारागानं घुगऱ्या शिजवल्या. गल्लीतल्या बायका जमल्या, पाळणा म्हटला गेला आणि मामांनी स्वतः म्हशीच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करून 'चंद्रकळा' असं सांगितलं. म्हशीनं कान असा झटकला की मामांचा पटका घुगऱ्यांच्या परातीत पडला. त्यानंतर बरेच दिवस मामा गोठ्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याला 'चंद्रकळा, चंद्रकळा' करत राहिले. म्हैस रवंथ करत राही. मामी दारातून बघे आणि म्हणे, "कानात सांगून काय हुतंय? जे नाव हाय ते तोंडानं घ्या की." मामा म्हणत, "तू गप."

प्रदर्शनाच्या दिवशी माळावर जत्राच लोटली होती. देशोदेशीच्या सुंदऱ्या आल्या होत्या आणि प्रत्येकीबरोबर तिचा लवाजमा. दिल्लीकडची एक होती, कातडं तेलासारखं चकाकणारं आणि शिंगं कानापाशी घट्ट वळलेली. तिचा मालक सहा फुटी चौधरी, हातात हुक्का. काठेवाडची एक होती, कपाळ इतकं पुढं आलेलं की डोळे शोधावे लागत. नागपूरकडची होती, धारवाडची होती, गुजरातेतून एक नाजूक तांबूस रंगाची आली होती, आणि तिच्यावर तिचा मालक चक्क छत्री धरून उभा होता. आमच्या शाहूवाडीहूनही डोंगरातली एक बुटकी, केसाळ म्हैस आली होती. मामा पाठीमागं हात बांधून एकेकीसमोर उभे राहत आणि निकाल देत. काठेवाडीला म्हणाले, "पदर लई पुढं घेतलाय." गुजरातच्या मालकाला म्हणाले, "पावणं, उनात पिकंल की ही, कशाला छत्री?" शाहूवाडीची बघून मला म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं बकऱ्यास्नी म्हस म्हंत्यात व्हय?" मी माझ्या गावच्या अब्रूखातर काही बोलणार होतो, पण त्या म्हशीनं तेवढ्यात खरोखरच शेळीसारखा आवाज काढला.

चौधरीशी मात्र मामांचं पटलं. दोघांनी एकमेकांच्या म्हशीला प्रदक्षिणा घातली. मामा आपल्या हिंदीत म्हणाले, "म्हस भोत अच्छा हाय. पर शिंगं का जिलेबी कायकू किया?" चौधरी खदाखदा हसला. आमच्या म्हशीच्या पाठीपर्यंत गेलेल्या शिंगांवरून त्यानं हात फिरवला आणि अदबीनं विचारलं, "नाम क्या है इसका?" मामा म्हणाले, "ही." "ही? बस, ही?" "व्हय. बस, ही." चौधरीला ते नाव फार आवडलं असावं, कारण त्यानं आपल्या माणसांना बोलावून ते सांगितलं. पुकारा करणाऱ्यालाही मामांनी हेच नाव दिलं. त्यामुळं भोंग्यातून 'दिल्लीची बिजली', 'काठेवाडची रूपा' अशा पुकाऱ्यांमागून 'कोल्हापूरची ही' असा पुकारा झाला आणि माळावरच्या सगळ्या बायका 'कोण ती' म्हणून माना वर करून बघू लागल्या.

मुंबईहून आलेला गोरा जनावरांचा डॉक्टर, एक गुजराती शेठ आणि आमचे इनामदार असे तीन पंच होते. त्यांनी शिंगं बघितली, कास बघितली, दावं धरून चालवून बघितलं. बघता बघता एकेक सुंदरी गळत गेली आणि शेवटी तिघी उरल्या. दिल्लीची, काठेवाडची आणि आमची ही. चाचा माझ्या शेजारी उभे होते. मामी पलीकडं बायकांच्या कनातीत बसली होती, आणि कनातीच्या फटीतून तिचं कपाळ तेवढं दिसत होतं.

पहिल्यांदा काठेवाडची सुटली. तिच्या मालकानं हाक मारली तशी ती निघाली, पण वाटेत तिला मंडपाची सावली दिसली आणि ती तिथंच ऐसपैस बसली. मग चौधरीनं हुक्का बाजूला ठेवून "बिजलीऽ!" अशी हाक दिली. बिजली आली, पण रमत गमत, मधे दोनदा थांबून. लोक म्हणाले, आता कोल्हापूरचंच. आपल्या गावात, आपल्या रिवाजात आपण हरतोय होय! आमची ही मोकळी झाली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मामा एकटे उभे राहिले.

"ए!" मामा ओरडले. म्हैस रवंथ करत उभी. "ये! ये की! चंद्रकळा! ए चंद्रकळाऽ!" म्हशीनं शेपटी हलवली, ती माशी उडवायला. "अगं ए! ए आमची! हिकडं बघ की!" लोक हसायला लागले. मामांनी डोक्याचा पटका सोडून हलवला, वैरणीची पेंडी वर धरली, चरवी वाजवली. शेवटी त्यांनी वळून बायकांच्या कनातीकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं. एक हाक मार, बाई, तुझ्या हाकेला ती येते. कनातीतल्या बायका मामीला कोपरानं ढोसू लागल्या, "मार की हाक, घालवतीस का इनाम?" मामीनं पदर तोंडाशी घट्ट धरला. "मी न्हाय बलवायचो," ती म्हणाली. इतकी ठाम बोललेली मी तिला कधी ऐकली नव्हती. "त्यांनीच बलवावं. नाव काय खांद्यावर वाहून न्यावं लागतंय व्हय? तोंडानंच घ्यायचं की."

पंचांनी घड्याळ काढलं. मामांनी अंबाबाईच्या देवळाच्या दिशेला हात जोडले, डोळे गच्च मिटले, मान मागं टाकली आणि जन्मभर घशात अडवून धरलेली हाक सोडली.

"हौसाऽऽऽ! ये गं हौसाऽऽ!"

दुधाच्या व्यवसायात कमावलेला आवाज तो, रंकाळ्यापर्यंत गेला असेल. म्हशीनं कान टवकारले, रवंथ थांबवला आणि शिंगं मागं टाकून ती सुसाट निघाली. लोकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. चाचा उड्या मारायला लागले. एवढ्यात कनातीतून, अगदी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला.

"आलो की वोऽऽ!"

मामीच्या तोंडून ते निघून गेलं होतं. पुष्कळ वर्षांनी कुणीतरी तिला नावानं हाक मारली होती आणि तिनं ओ दिली होती. पण मैदानाच्या मधोमध आलेल्या म्हशीनंही ती ओ ऐकली. रोजचा ओळखीचा आवाज. ती थबकली, वळली, आणि तशीच कनातीत घुसली. दोऱ्या तुटल्या, कापड तिच्या शिंगांवर आलं, बायका किंचाळत पळाल्या. सगळं निवळलं तेव्हा डोक्यावर कनातीचा पदर घेतलेली म्हैस मामीच्या खांद्यावर नाक ठेवून शांत उभी होती, आणि मामी तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही.

चांदीची माळ दिल्लीला गेली. गोऱ्या डॉक्टरानं नियम सांगितला, म्हैस हाकेला निघाली हे खरं, पण मालकाकडं आली नाही. मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता हे साहेबाच्या अंगावर जातात. पण ते कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "सायेब, मालकाकडंच गेली की ती." इनामदारांनी ते इंग्रजीत करून सांगितलं. साहेबानं कनातीकडं बघितलं आणि टोपी काढली. चौधरीनं मामांना मिठी मारली आणि जाताना म्हणाला, "दादा, 'ही' का असली नाम बहुत अच्छा है."

घरी परतताना मामा पुढं, मधे म्हैस, मागं मामी. दारात आल्यावर मामी म्हणाली, "माझ्यापायी गेलं तुमचं इनाम. रागावलासा?" मामा म्हशीचं दावं खुंटीला बांधत होते. पाठमोरेच म्हणाले, "नाव चांगलं हाय की. हाक मारायला सोपं." दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा गोठ्यातून घरात आला होता. मामांनीच आणला, पण विचारलं तर म्हणाले, गोठ्यात वल लई हाय, पारा उडतोय. त्या दिवसापासून संध्याकाळची हाक मामा मारू लागले. म्हशीलाच, दुसऱ्या कुणाला नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष असे. मागच्या दारात उभे राहून ते "हौसाऽऽ" म्हणत, गल्लीच्या टोकाहून म्हैस निघे आणि चुलीपासून मामी म्हणे, "आलो की वो." दोघी येत.

पुढं म्हैस म्हातारी झाली आणि एका उन्हाळ्यात गेली. मामांनी दुसरी आणली नाही. दुसरी कुठली त्यांच्या डोळ्यांत भरलीच नाही. पण दिवेलागणीला ते मागच्या दारात जाऊन हाक मारायचं काही थांबले नाहीत. मी एकदा न राहवून विचारलं, "मामा, म्हैस तर गेली. आता हाक कुणाला मारता?" शिकून फुकट गेलेल्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हिला की," म्हणाले. हात रिकाम्या गोठ्याकडं होता, आणि डोळे सैपाकघराच्या दाराकडं. मामी पदराला हात पुसत आली, आणि दोघं गोठ्याच्या कट्ट्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मामी आहे, पण कानांनी पार अधू झाली आहे. परवा मी आणि बायको भेटायला गेलो होतो. मामीनं बायकोचा चेहरा जवळ ओढून डोळे निरखले आणि म्हणाली, "यांची पारख कधी चुकली न्हाय." मी मोठ्यानं काही सांगत होतो, तिला ऐकू येत नव्हतं, नुसती मान हलवत होती. त्या घरात आता तिला नावानं हाक मारणारं कुणी नाही. मी भाचा, मला मामीच म्हणावं लागतं. बाहेर दिवेलागण झाली. मामी मान हलवायची थांबली, मागच्या दाराकडं तोंड केलं, म्हणाली, "आलो की वो," आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.